आहेराची वही कोणी मांडली?

वाचक विचारतात

ताई, सप्रेम नमस्कार.

मी कोथरूडला राहते. एकोणतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं, आठवी ते दहावी. निवृत्तीनंतर हात रिकामे राहवेनात, म्हणून भाच्यानं यूट्यूबवर चॅनेल काढून दिलं. गॅलरीत अप्पा बळवंत चौकातून आणलेला फळा टांगलाय, समोर स्टुलावर डब्यांची चळत आणि तिला टेकून मोबाइल. विभक्ती, संधी, समास, सुभाषितं असे २१२ धडे झाले. सगळे फुकट. नोकरीत असताना मी एकही शिकवणी घेतली नाही आणि आता या वयात दुकान मांडायचं नाही, हे पहिल्याच धड्यात सांगून टाकलंय.

दिवाळीत एका जुन्या विद्यार्थ्याचा कॅनडातून फोन आला. “बाई, दर महिन्याला पाठवतोय ते मिळतंय ना?” म्हटलं, काय पाठवतोयस? तर म्हणाला, “दहा चहा, बाई.” मला वाटलं चेष्टा करतोय. मी १९९८ साली पित्तामुळे चहा सोडला, हे माझ्या वर्गातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मग त्यानं लिंक पाठवली. उघडून बघते तर माझा फोटो, माझं नाव, चॅनेलवर मी स्वतः लिहिलेली चार ओळींची ओळख जशीच्या तशी, आणि खाली हे भलंमोठं बटण : ‘बाईंना एक चहा पाजा, ₹५०’. शेजारी आकडा : ‘७६९ चहा. ₹३८,४५० जमा.’ त्याचे एकट्याचे चौदा महिन्यांचे ७,००० रुपये त्यात आहेत.

ते पान मी केलेलं नाही. मला कोणी विचारलं नाही. एक रुपया माझ्यापर्यंत आलेला नाही. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘या निर्मात्या अद्याप आमच्याशी जोडलेल्या नाहीत’ अशी ओळ आहे म्हणे, पण मोबाइलवर ती दिसतच नाही. भाच्यानं लॅपटॉपवर दाखवली. ‘हे पान तुमचं आहे का?’ या बटणावर गेलं की मोबाइल नंबर, पॅन, बँक खातं आणि सेल्फी मागतात. माझं नाव काढा म्हणायचं तरी आधी सभासद व्हा!

सगळ्यात लागलं ते वेगळंच. सकाळी म्हातोबाच्या टेकडीवर आमचा चार-पाच जणींचा गट फिरायला जातो. त्यातली एक म्हणाली, “चांगलंय हो, रिटायर झाल्यावरही कमाई चालू आहे.” मी काही बोलले नाही. पण त्या दिवशी धडा रेकॉर्ड केला नाही.

ही चोरी म्हणायची का? हे पैसे माझे आहेत का? माझी जाऊ म्हणते, घेऊन टाक आणि शाळेला देऊन टाक. भाचा म्हणतो, पोलिसांत जा. तुम्ही काय म्हणता? अटींची छापील प्रत सोबत जोडली आहे.

– एक माजी शिक्षिका, कोथरूड

उत्तर :

बाई, नमस्कार. वयानं तुम्ही माझ्याहून फार मोठ्या नसाल, पण शाळेतली सवय, ‘बाई’च म्हणते.

जाऊबाईंचं ऐकू नका. निदान आत्ता तरी नाही. भाच्याचं अर्धं ऐका.

लग्नपत्रिकेवर आपण छापतो, ‘कृपया आहेर आणू नये’. समजा, कार्यालयाच्या दारात एक अनोळखी माणूस टेबल टाकून आहेराची वही उघडून बसला. येणाऱ्याला वाटतं, मुलीकडचा कोणी असेल. पाकीट देतो, वहीत नाव लिहवतो आणि आत जाऊन पंगतीला बसतो. घरच्यांना पत्ताच नाही. महिन्याभरानं हा माणूस घरी येऊन सांगतो, ‘तुमच्या नावानं इतके जमलेत. ओळखपत्र दाखवा, माझा हिस्सा सोडा आणि बाकीचे घ्या. नाही आलात तर वर्षानं मी ठेवून घेईन.’ तुमचं ते पान म्हणजे ही वही आहे. आणि पंगतीला बसलेला प्रत्येक जण मनात काय म्हणत असतो? पत्रिकेवर ‘आहेर नको’ आणि दारात टेबल, वा!

ते तुम्हाला टेकडीवर ऐकू आलं.

मी सहकारी बँकेत ३४ वर्षं काढली, त्यातली बरीचशी काउंटरवर. पैशाच्या भानगडीत आधी रक्कम विचारायची सवय लागते. पण अशा प्रकरणात रकमेच्या आधी नाव येतं, हे मला बँकेत नाही, आमच्या सोसायटीत कळलं. २०१९ची गोष्ट. आमच्या वॉचमनच्या मुलीच्या फीसाठी कोणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आवाहन टाकलं आणि दोन दिवसांत ११,००० जमले. मीही ५०० दिले. वॉचमनला कोणी विचारलं नव्हतं. चांगलंच काम आहे, त्यात विचारायचं काय! पुढच्या आठवड्यात तो रात्री खुर्चीत डुलकी काढताना सापडला, तर एक गृहस्थ त्याच्यावर ओरडले, “तुझ्या पोरीसाठी पैसे मोजलेत आम्ही, आणि तू झोपतोस?” त्या क्षणी त्याला कळलं की आपल्या नावानं पैसे जमलेत. सेक्रेटरी म्हणाले, रविवारी द्यायचेच होते. वॉचमन मला जिन्यात म्हणाला, “मॅडम, घेतले असते तर ऐकून घेतलं असतं. न घेता का ऐकू?”

तुमच्या बाबतीत हेच ७६९ वेळा झालंय. पैसे तिकडे राहिले, उपकार मात्र तुमच्या खात्यावर चढला.

आता पैसे कोणाचे, ते बघू. आपल्याकडे दान देताना उदक सोडतात. घेणाऱ्यानं हात पुढे केल्याशिवाय ते सुटत नाही. कायदाही तेच म्हणतो. १८८२चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम १२२ : बक्षीस पुरं व्हायला घेणाऱ्यानं किंवा त्याच्या वतीनं कोणी ते स्वीकारावं लागतं. तुम्ही स्वीकारलं नाही आणि तुमच्या वतीनं स्वीकारायला त्या कंपनीला तुम्ही नेमलेलं नाही. म्हणजे हे पैसे आज तुमचे नाहीत. तुमच्या विवरणपत्रात त्यांना जागा नाही आणि त्या धास्तीनं रात्री जागायचंही कारण नाही. मग कंपनीचे आहेत का? तेही नाहीत. तुमच्या विद्यार्थ्यानं ते ‘बाईंना पोचतील’ या समजुतीनं दिले. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७२ सांगतं की चुकीच्या समजुतीनं ज्याला पैसे दिले गेले, त्यानं ते परत करायचे. (मी वकील नाही. माझी पुतणी शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करते, तिच्याकडून दोन्ही कलमं तपासून घेतली. ती म्हणाली, “आत्या, कंपनी म्हणेल की ज्यानं दिले त्यानं आमच्या अटी मान्य केल्या होत्या.” म्हणू दे. त्या अटींकडेच येते.)

तुम्ही जोडलेली प्रत चष्मा पुसून सगळी वाचली. एकोणीस पानं आहेत. कलम १४ मध्ये दोन गोष्टी आहेत. एक, तुम्ही दावा केलात की १२ टक्के कापून देणार. दुसरी, १२ महिन्यांत दावा न झालेली रक्कम ‘निर्माता-वृद्धी निधीत वर्ग होईल’. ‘वर्ग’ हा शब्द वाचून मला माझं जुनं टेबल आठवलं. कोणाचे ते न कळलेले पैसे आम्हीही सस्पेन्स खात्यात ठेवत असू आणि दर महिन्याला त्या खात्यावरून बोलणी खात असू, कारण सस्पेन्समधली रक्कम म्हणजे बँकेची डोकेदुखी, कमाई नव्हे. दहा वर्षं हात न लागलेली ठेव बँकेला रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत वर्ग करावी लागते. २०१४ पासून ती पद्धत आहे. पण त्यानंतरही खातेदार किंवा वारस कागद घेऊन आला की पैसे द्यावेच लागतात, आणि आता ‘उद्गम’ पोर्टलवर नाव घालून शोधताही येतं. इथे वर्ष झालं की विषय संपला आणि निधी त्यांचाच!

आणि बाई, एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. विद्यार्थी चौदा महिने पैसे देतोय. म्हणजे त्याचे पहिले एक-दोन हप्ते वर्ष उलटून ‘वर्ग’ झालेले असणार. तरी पानावर ७६९ चहा जसेच्या तसे. हिशोब सरळ आहे : ७६९ गुणिले ५० बरोबर ३८,४५०. एकही चहा वजा नाही. म्हणजे तो आकडा जमा दाखवतो, शिल्लक दाखवत नाही. पासबुकात फक्त जमेचा रकाना छापून दिला तर आम्हाला ग्राहकानं काउंटरवरून आत ओढलं असतं. तुम्ही उद्या दावा केलात तर ३८,४५० मधून १२ टक्के वजा जाऊन मिळतील या भ्रमात राहू नका.

हा धंदा नवा नाही. ब्रेव्ह नावाचा एक ब्राउझर आहे. जावास्क्रिप्ट ही संगणकाची भाषा तयार करणारे ब्रेंडन आइक त्याचे एक संस्थापक. त्यांनी आपलं एक डिजिटल नाणं काढलं, बेसिक अटेन्शन टोकन, आणि वाचणाऱ्याला कुठल्याही साइटला किंवा यूट्यूब चॅनेलला ते बक्षीस देता येईल अशी सोय केली. ज्यांना ही योजना माहीतही नव्हती, त्यांच्या नावानंसुद्धा. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम स्कॉट या ब्रिटिश यूट्यूबरनं जाहीरपणे आक्षेप घेतला : मी देणग्या घेतच नाही, मग माझं नाव आणि फोटो लावून या कशा मागितल्या जातायत? न उचललेली नाणी पुन्हा कंपनीच्या ‘वाढीच्या’ निधीत जाऊ शकतात, अशी अट तिथेही होती. ओळखीचं वाटतं ना? बोंब झाल्यावर कंपनीनं काही दिवसांतच बदल केले : कोण सामील आहे आणि कोण नाही ते ठळक दाखवायचं, आणि जो सामील नाही त्याच्यासाठी दिलेलं बक्षीस देणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये थांबवायचं, ९० दिवसांत समोरचा आला नाही तर ते देणाऱ्याचंच. म्हणजे हे यंत्र सरळ चालवता येतं. फक्त ‘हो’ म्हणेपर्यंत पैसा खिशातून बाहेर पडू द्यायचा नाही, एवढंच करावं लागतं. तुमच्या कंपनीला ते जमलं नसतं अशातला भाग नाही.

यात मोठे लोकही घसरतात. गोफंडमी ही वर्गणी गोळा करणारी अमेरिकेतली नावाजलेली साइट. तिनं तिथल्या सुमारे १४ लाख धर्मादाय संस्थांची देणगी-पानं, सरकारदरबारी उपलब्ध असलेली माहिती उचलून, त्या संस्थांना न विचारता तयार केल्याचं २०२५ मध्ये उघड झालं. संस्था चिडल्या. मग माफी, आणि यापुढे संस्थेनं होकार दिला तरच पान. प्रत्येक वेळी आधी वही मांडतात आणि आरडाओरडा झाल्यावर विचारायला येतात. कारण गणितात आहे. तुमचे ३८,४५० त्यांच्याकडे पडून राहिले तर कोणाचं दुकान चालत नाही. पण तुमच्यासारखे दहा हजार मास्तर धरा : ३८ कोटी ४५ लाख. बिनव्याजी. आणि न मागणाऱ्याइतका चांगला सावकार जगात दुसरा नाही, हे कुठल्याही बँकवाल्याला विचारा.

आता जाऊबाईंचा मुद्दा. ‘घेऊन शाळेला दे’ यात मन चांगलं आहे, पण रस्ता त्यांच्या दारातून जातो. दाव्याचं बटण दाबलंत की तुम्ही एकोणीस पानांच्या अटी मान्य केल्या. तुमचं पॅन आणि चेहरा त्यांच्याकडे गेला, आणि खालची ती बारीक ओळ बदलून ‘या निर्मात्या आमच्यासोबत आहेत’ झाली. आज तुमच्याकडे एक खणखणीत वाक्य आहे : मी यांना ओळखत नाही. ते ३३ हजारांना विकू नका.

काय करायचं ते सांगते, आणि याच क्रमानं करा, कारण पान एकदा गायब झालं की पुरावाही गेला.

आज संध्याकाळी भाच्याला बसवा. पूर्ण पानाचे स्क्रीनशॉट, त्यात वरचा पत्ता, तारीख आणि ७६९चा आकडा दिसला पाहिजे. ती मोबाइलवर न दिसणारी ओळ दोन्हीकडून : फोनवर पान खालपर्यंत सरकवतानाचा व्हिडिओ आणि लॅपटॉपवरचा फोटो. दाव्याच्या बटणानंतर काय काय मागतात तेही, पण काहीही न भरता. हे सगळं ज्या फोनवर घेतलंत तो दिवाळीच्या ऑफरमध्ये बदलून टाकू नका. पुढे कोर्टात द्यायची वेळ आली तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, आणि ते ‘पुरावा कुठल्या उपकरणावरून आला’ हेच विचारतं.

मग विद्यार्थ्याला फोन. त्याच्या कार्डाच्या स्टेटमेंटवर नाव कोणाचं येतं? हे महत्त्वाचं आहे. दुसऱ्यांसाठी ऑनलाइन पैसे गोळा करून पुढे त्यांना पोचवणाऱ्यांना रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये नियम घालून दिले : परवानगी हवी, पैसा वेगळ्या एस्क्रो खात्यात (कंपनीला स्वतःसाठी वापरता येत नाही अशा राखीव खात्यात) हवा आणि ज्याच्यासाठी घेता त्याची पडताळणी आधी हवी. तुमची पडताळणी कोणी केलेली नाही. म्हणजे कागदोपत्री पैसे घेणाऱ्या तुम्ही नाहीच, दुसरंच कोणीतरी आहे. त्याचं नाव स्टेटमेंटवर सापडेल. पावतीवर मध्यस्थ पेमेंट कंपनीचंही नाव असतं. पत्राची एक प्रत तिलाही जाऊ द्या. त्या कंपन्यांना असल्या ग्राहकाची लाज वाटते, निदान भीती तरी वाटते.

पत्र साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. त्याचं नाव आणि मेल साइटवर देणं बंधनकारक आहे, बहुतेक ‘संपर्क’च्या पानाच्या तळाशी सापडतं. लांबड लावू नका. मी लिहिलं असतं ते असं :

‘आपल्या साइटवरील सोबत जोडलेले पान माझ्या नावाने आहे. ते मी तयार केलेले नाही, त्यास माझी संमती नव्हती व नाही. मी कोणाकडूनही पैसे स्वीकारत नाही. आपण (१) माझे नाव, छायाचित्र व मी लिहिलेला मजकूर तत्काळ काढावा. (२) या पानावर आजवर जमा झालेली व वर्ग केलेली रक्कम तारखेनिशी कळवावी. (३) संपूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता, ज्यांनी दिली त्यांना परत करावी व तसे त्यांना कळवावे. यासाठी मी आपली सभासद होणार नाही व ओळखपत्र देणार नाही. माझ्या चॅनेलच्या मेलवरून हे पत्र येत आहे, ती ओळख पुरेशी आहे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नक्की म्हणणार, ‘आधी लॉगिन करा.’ तुमच्या चॅनेलच्या ‘माहिती’मध्ये दिलेल्या मेलवरून पत्र गेलं की पडताळणी झाली. फोटो उचलताना त्यांना तुमची ओळख पटली होतीच की.

दरम्यान चॅनेलवर एक पाटी लावा. आपल्या गावाला पाट्या लिहायला शिकवावं लागत नाही. ‘या चॅनेलसाठी मी कुठेही, कोणत्याही मार्गाने पैसे घेत नाही. माझ्या नावाने चहा पाजू नये. मी चहा पीत नाही.’ सगळ्या धड्यांच्या खाली ही ओळ, आणि दोन मिनिटांचा एक व्हिडिओ. टेकडीवरच्या मैत्रिणीला वेगळं काही सांगायची गरज उरणार नाही.

पोलिसांचं. आधी एक खात्री करा : हे पान कंपनीनंच आपोआप बनवलंय, की कोणी भामट्यानं ‘मी म्हणजे त्या बाई’ असं सांगून उघडलंय? दुसरं असेल तर तो सरळ तोतयेगिरीचा गुन्हा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-डी, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. मग थांबू नका. १९३० हा नंबर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. पण त्या बारीक ओळीवरून पहिलंच दिसतंय. तिथे आधी पत्र, आणि पत्राला उत्तर नाही आलं तर पोलीस. त्यावेळी पत्राची प्रत हातात असली की ठाण्यातली पहिली वीस मिनिटं वाचतात.

कोर्टाबद्दल लोक तुम्हाला मोठमोठी उदाहरणं देतील. परवानगीशिवाय नाव-चेहरा-आवाज वापरण्याविरुद्ध अनिल कपूर यांना २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं, अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं संरक्षण दिलं, आशाताईंनाही २०२५ मध्ये मुंबईतच. खरं आहे. पण ती नावं बघा आणि वकिलांची फी बघा. आणि नव्या डेटा संरक्षण कायद्याच्या, २०२३च्या, फार भरवशावर राहू नका. जी माहिती माणसानं स्वतःच जगजाहीर केलेली आहे, तिला तो कायदा लागू होत नाही. तुमचा फोटो तुम्हीच चॅनेलवर लावलात. तुमची खरी ताकद त्या साध्या पत्रात आणि विद्यार्थ्याच्या स्टेटमेंटमध्ये आहे.

पैसे परत गेल्यावर विद्यार्थ्याला ते तुमच्या शाळेला द्यावेसे वाटले, तर तो शाळेचा खाते क्रमांक मागेल आणि शाळा त्याला पावती देईल. जाऊबाईंनाही बरं वाटेल.

*

काकू, मी धनकवडीत राहतो, कंपनीत नोकरी करतो आणि रात्री मराठी शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. तो गिटहबवर (प्रोग्रॅम मांडून ठेवायच्या साइटवर) सगळ्यांसाठी मोकळा आहे. गेल्या महिन्यापासून मेल येतायत की ‘तुमच्या कामासाठी टोकन जमा झालेत, वॉलेट जोडून उचला’. मी उचलले नाहीत, पण मित्र म्हणतात फुकटचे पैसे आहेत. उचलू का?

– एक प्रोग्रॅमर, धनकवडी

उत्तर : ‘वॉलेट’, म्हणजे डिजिटल नाण्यांचं पाकीट, ‘जोडा’ म्हणणारी मेल आली की दहातल्या नऊ वेळा पैसे यायचे नसतात, जायचे असतात. त्या मेलमधल्या लिंकवर टिचकी मारू नकोस.

समजा दहावी वेळ आहे. तुमच्या जगात हे २०१४च्या सुमारास घडून गेलंय. टिप-फॉर-कमिट नावाची सोय होती. कोणीही कुठल्याही प्रकल्पाच्या नावानं बिटकॉइन टाकायचे आणि कोड जोडणाऱ्या प्रत्येकाला शिलकीतला एक-एक टक्का. प्रकल्प चालवणाऱ्यांना न विचारता. पुष्कळ जण वैतागले, कारण त्यांच्या सहकाऱ्यांना अनाहूत मेल जायला लागल्या. शिवाय फुकट केलेल्या कामाला कोणीतरी परस्पर भाव लावला. आईनं केलेल्या पुरणपोळीच्या ताटाखाली पाहुण्यानं वीस रुपये ठेवून जावं तसं ते.

फुकटचे नाहीत हेही लक्षात घे. आपल्याकडे क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून सरळ ३० टक्के कर आहे, आणि विकताना १ टक्का टीडीएस कापला जाऊ शकतो. दीडशे रुपयांच्या टोकनसाठी सीएला पाचशे द्यावे लागतील.

घ्यायचेच असतील तर उघड घे. गिटहबवरच प्रकल्पात ‘फंडिंग’ची एक फाइल ठेवता येते, तीत तू जी जागा लिहिशील तीच लोकांना दिसते. घ्यायचे नसतील तर रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या फाइलच्या, पहिल्या ओळीत तसं लिही. आणि त्या प्रोग्रॅमचा पत्ता मला पाठव, आमच्या अंकाला त्याची फार गरज आहे.

*

ऑनलाइन कोणाला पैसे द्यायचेच नाहीत का मग? मी एका तमाशा कलावंताच्या जुन्या रेकॉर्डिंगच्या चॅनेलला दरमहा शंभर देते. पोचतात की नाही कसं ओळखू?

– गृहिणी, बिबवेवाडी

उत्तर : द्या की! फक्त सुरुवात त्यांच्याकडून करा. गुगलमध्ये नाव टाकून जे पहिलं पान येईल तिथे देऊ नका; त्यांच्या स्वतःच्या व्हिडिओत किंवा व्हिडिओखाली जी लिंक किंवा क्यूआर त्यांनी दिलाय, तिथेच. क्यूआर स्कॅन केल्यावर रक्कम भरण्याआधी बँकेतलं नोंदवलेलं नाव दिसतं. तिथे घाई करू नका, ते नाव वाचा. कलावंताचं, घरच्या कोणाचं किंवा त्यांच्या संस्थेचं असेल तर ठीक. भलत्याच कंपनीचं असेल तर बोट मागे घ्या आणि कमेंटमध्ये विचारा.

पानावर ‘अद्याप जोडलेले नाहीत’, ‘दावा केलेला नाही’, ‘प्रलंबित’ असले शब्द कुठेही, कितीही बारीक दिसले तर देऊ नका. फोन आडवा धरून, पान तळापर्यंत सरकवून बघा. असले शब्द तिथेच दडवलेले असतात.

आणि पहिला हप्ता गेल्यावर आठवड्याभरात दोन ओळी लिहून विचारा, ‘पोचले का?’ विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटतो. वरच्या पत्रातल्या बाईंच्या विद्यार्थ्यानं ते चौदाव्या महिन्यात विचारलं.